सात यार्डांची किंमत

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात एका संघाने एका चालीत सात यार्ड मिळवले. हे चांगलं झालं की वाईट? एवढ्यावर उत्तर देता येत नाही. या खेळात चेंडू हातात असलेल्या संघाला चार संधी मिळतात. त्यांना डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार डाऊन मिळतात, नाही सरकलात तर चेंडू गेला. तिसऱ्या डाऊनवर आठ यार्ड हवे असताना सात मिळाले, तर संघ एका यार्डासाठी अडतो आणि बहुतेक वेळा चौथ्या डाऊनवर चेंडू लांब लाथाडून, म्हणजे पंट करून, प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतो. तिसऱ्या डाऊनवर दोन यार्ड हवे असताना तीनच मिळाले, तरी चढाई चालू राहते. सामना संपल्यावर जो आकड्यांचा तक्ता प्रसिद्ध होतो, त्यात मात्र पहिल्या खेळाडूच्या नावावर सात आणि दुसऱ्याच्या नावावर तीन लागतात. सात मिळवणारा वरचढ दिसतो.

या तक्त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. त्यातले आकडे खोटे नसतात, पण त्यांवरून सामना समजत नाही. पंचवीस गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या पंधरा मिनिटांत सतत लांब पास फेकतो. पुढे असलेला संघ त्याला मधल्या पट्ट्यात मोकळीक देतो, कारण आता त्याला घड्याळ संपवायचं असतं. हरलेल्या संघाच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, नावावर साडेतीनशे यार्ड जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, तो तर छान खेळला. उलट जिंकत असलेला संघ शेवटी चेंडू घेऊन धावत राहतो, कारण धावण्याच्या चालीत सहसा घड्याळ थांबत नाही. म्हणून जिंकलेल्या संघाच्या तक्त्यात धावण्याचे यार्ड जास्त दिसतात. त्यावरून ‘जो धावतो तो जिंकतो’ असा समज अमेरिकेत कित्येक वर्षं रुजला होता. खरं तर जो जिंकत असतो तो धावतो. क्रम उलटा आहे, आणि तो उलटा असल्याचं बेरजेच्या तक्त्यातून कधीच कळणार नाही.

क्वार्टरबॅकला एकच गुणांक देण्याची जुनी रीतही अशीच अपुरी आहे. १९७३ साली नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, ‘पासर रेटिंग’ स्वीकारलं. त्याची कमाल मर्यादा १५८.३ आहे. हा विचित्र आकडा सूत्राच्या रचनेतून येतो. पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाऊन आणि प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास यांची चार गुणोत्तरं काढायची, प्रत्येकाला वरची आणि खालची मर्यादा घालायची आणि बेरीज करायची. क्वार्टरबॅक स्वतः धावला, त्याला चेंडूसकट पाडलं गेलं, पास तिसऱ्या डाऊनवर होता की पहिल्या, संघ तेव्हा पुढे होता की मागे, यांतलं काहीच त्या सूत्रात नाही. आजही दूरचित्रवाणीवर तो आकडा झळकतो. माझ्या मते त्याकडे सवयीचा भाग म्हणून पाहावं आणि पुढे जावं.

मिळवलेल्या यार्डांची खरी किंमत काय, हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांपैकी एक जण स्वतः मैदानावर खेळत होता. व्हर्जिल कार्टर हा शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक. खेळत असतानाच तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होता. तिथले प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांच्याबरोबर त्याने १९६९ च्या हंगामाच्या पूर्वार्धातल्या ५६ सामन्यांच्या ८,३७३ चाली संगणकात घातल्या. १९७१ मध्ये ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात त्यांचा छोटा लेख आला. तोपर्यंत कार्टर सिनसिनाटी बेंगॉल्स संघात गेला होता आणि तिथे बिल वॉल्श नावाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने त्याच्या अचूक पण फारशा जोरकस नसलेल्या हाताला साजेशी छोट्या पासांची पद्धत बसवली होती. पुढे तीच पद्धत ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणून सगळ्या लीगमध्ये पसरली. एका अभ्यासू क्वार्टरबॅकच्या वाट्याला या खेळाच्या इतिहासातल्या दोन मोठ्या गोष्टी एकाच वेळी आल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कार्टर आणि मॅकॉल यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. एखाद्या संघाकडे मैदानाच्या अमुक जागी पहिला डाऊन आहे. इथून पुढे जो पहिला संघ गुण मिळवेल, तो कोणता असेल आणि किती मिळवेल? अशा सगळ्या प्रसंगांची सरासरी काढायची. आपण गुण मिळवले तर अधिक, प्रतिस्पर्ध्याने मिळवले तर उणे. मैदान शंभर यार्डांचं असतं आणि त्याच्या दोन्ही टोकांना दहा दहा यार्डांचे एंड झोन असतात. प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाऊनचे सहा गुण, त्यानंतरच्या लाथेचा बहुधा एक, आणि नुसत्या लाथेने खांबांमधून चेंडू मारला तर फील्ड गोलचे तीन.

उत्तर असं आलं : प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपासून, म्हणजे त्याच्या एंड झोनच्या कडेपासून, पाच यार्डांवर पहिला डाऊन असेल तर त्या स्थितीची किंमत ६.०४१ गुण. मैदानाच्या मध्याजवळ, ५५ यार्ड बाकी असताना, १.५३८. आणि आपल्याच रेषेपासून पाच यार्डांवर, म्हणजे ९५ यार्ड बाकी असताना, उणे १.२४५. चेंडू आपल्या हातात आहे, पहिला डाऊन आहे, तरी आपण तोट्यात. कारण तिथून बहुतेक वेळा काही साधत नाही, पंट करावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला चांगली जागा मिळते. चेंडू हातात असणं ही स्वतःहून मोठी गोष्ट नाही, तो कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे, हे त्या उणे आकड्याने पहिल्यांदा मोजून दाखवलं.

क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. पावसाने सामना अडला की डकवर्थ-लुईस पद्धत नेमकं हेच करते. शिल्लक षटकं आणि हातातले गडी यांवरून आणखी किती धावा अपेक्षित आहेत, हे आधीच्या सामन्यांच्या नोंदींवरून ठरवते. १८० धावा झाल्या एवढं सांगून भागत नाही, किती षटकांत आणि किती गडी बाद, हे सांगावं लागतं. फुटबॉलमध्ये षटकांच्या जागी डाऊन, हवे असलेले यार्ड आणि मैदानावरची जागा येते.

एकदा प्रत्येक स्थितीची किंमत ठरली की प्रत्येक चालीची किंमत आपोआप निघते. चाल संपल्यावरच्या स्थितीच्या किमतीतून चालीआधीची किंमत वजा करायची. या वजाबाकीला आज ‘एक्स्पेक्टेड पॉइंट्स ॲडेड’, थोडक्यात ईपीए म्हणतात. सुरुवातीच्या उदाहरणातल्या सात यार्डांचा ईपीए उणे निघतो आणि तीन यार्डांचा अधिक. १९८८ मध्ये बॉब कॅरोल, पीट पामर आणि जॉन थॉर्न यांच्या ‘द हिडन गेम ऑफ फुटबॉल’ या पुस्तकाने हा विचार सामान्य वाचकापर्यंत नेला.

कार्टरच्या आकड्यांवरून एक हिशेब इथेच करून पाहू. संघ प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपासून एका यार्डावर आहे, चौथा डाऊन आहे. फील्ड गोलचे तीन गुण जवळजवळ पक्के आहेत. पण गुण मिळवल्यावर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो आणि त्याला मिळणाऱ्या जागेची किंमत साधारण पाव गुण धरली, तर हातात राहतात २.७५. टचडाऊन झाला तर त्याच हिशेबाने ६.७५. आणि प्रयत्न फसला तर? प्रतिस्पर्ध्याला चेंडू त्याच्याच रेषेला खेटून मिळतो, जिथे त्याची किंमत उणे सव्वा आहे. म्हणजे आपली अधिक सव्वा. तेव्हा प्रयत्न शंभरात साधारण २७ वेळा यशस्वी झाला तरी दोन्ही पर्याय सारखे ठरतात. एका यार्डासाठी व्यावसायिक संघ त्याहून कितीतरी जास्त वेळा यशस्वी होतो. तरीही अनेक दशकं प्रशिक्षक ‘खात्रीचे तीन गुण घ्या’ म्हणत लाथ मारायला माणूस पाठवत राहिले. फसलेल्या प्रयत्नाचं हसं होतं आणि घेतलेल्या तीन गुणांबद्दल कोणी जाब विचारत नाही, हे त्याचं मला वाटणारं कारण.

चौथ्या डाऊनचा हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही खुणावू लागला. बर्कलीचे डेव्हिड रोमर यांनी १९९८ ते २००० या तीन हंगामांतले सातशेहून अधिक सामने घेतले. त्यांतला फक्त पहिला क्वार्टर, म्हणजे पहिली पंधरा मिनिटं, मोजला, कारण तेव्हा गुणफलकाचा आणि घड्याळाचा दबाव नसतो. निष्कर्ष असा की संघ लाथ फार वेळा मारतात आणि प्रयत्न फार कमी वेळा करतात. त्यांचा अंतिम निबंध २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला. त्याचं शीर्षक ‘संस्था खरोखर आपला फायदा जास्तीत जास्त करतात का’ या अर्थाचं होतं. त्याचं आधीचं रूप न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी वाचलं होतं. बेलिचिक स्वतः वेस्लियन विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे पदवीधर.

त्यांचाच एक निर्णय या विषयातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ठरला. १५ नोव्हेंबर २००९ रोजी इंडियानापोलिसमध्ये पेट्रियट्स कोल्ट्सविरुद्ध ३४-२८ असे पुढे होते. २ मिनिटं ८ सेकंद बाकी. पेट्रियट्सचा चौथा डाऊन, दोन यार्ड हवे, आणि जागा त्यांच्याच २८ यार्डांच्या रेषेवर. अख्खं मैदान पंटची वाट पाहत होतं. बेलिचिक यांनी प्रयत्नाचा इशारा दिला. टॉम ब्रेडीने उजवीकडे केविन फॉकला छोटा पास दिला. फॉकच्या हातात चेंडू क्षणभर उडाला, त्याने तो सावरला, पण तोवर त्याला मागे ढकललं गेलं होतं. पंचांनी त्याला दोन यार्डांच्या अलीकडे धरलं. पेट्रियट्सकडे टाइमआऊट उरला नव्हता, त्यामुळे दादही मागता आली नाही. कोल्ट्सच्या पेटन मॅनिंगने तिथून चढाई केली आणि १३ सेकंद असताना रेगी वेनने टचडाऊन केला. ३५-३४. समालोचक आणि माजी खेळाडू बेलिचिक यांच्यावर तुटून पडले.

ब्रायन बर्क हे अमेरिकी नौदलाचे माजी वैमानिक. त्या काळात ते आपल्या आवडीपोटी एनएफएलचं गणित मांडत असत. त्यांनी तो निर्णय मोजला. चौथ्या डाऊनवर दोन यार्ड मिळण्याची शक्यता साधारण ६० टक्के. मिळाले की सामना जवळजवळ जिंकला. न मिळाल्यास प्रतिस्पर्ध्याला २८ यार्डांवरून टचडाऊन करायचा आहे आणि अशा स्थितीतून तो ५३ टक्के वेळा होतो, म्हणजे तरीही ४७ टक्के आपण जिंकतो. ६० टक्के आणि ४० टक्क्यांचे ४७ टक्के, मिळून ७९. पंट केला असता तर प्रतिस्पर्ध्याला सरासरी त्याच्या ३४ यार्डांवर चेंडू मिळाला असता. तिथून शेवटच्या दोन मिनिटांत टचडाऊन होतो ३० टक्के वेळा. म्हणजे जिंकण्याची शक्यता ७०. निर्णय नऊ टक्क्यांनी बरोबर होता, पण संघ सामना हरला.

हा हिशेब महत्त्वाचा आहे तो त्यातल्या प्रत्येक आकड्यावर वाद घालता येतो म्हणून. समोर मॅनिंगसारखा खेळाडू असताना ५३ आणि ३० हे सरासरी संघाचे आकडे का धरायचे? मग दोन्ही वाढवून पाहा. मॅनिंग २८ यार्डांवरून ७० टक्के वेळा आणि ६६ यार्डांवरून ४५ टक्के वेळा यशस्वी होतो असं धरलं, तर प्रयत्नाची किंमत येते ७२ आणि पंटची ५५. समोरचा जितका चांगला, तितका पंट धोक्याचा. ‘मॅनिंगला इतक्या जवळ चेंडू देणं वेडेपणा होता’ असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा त्यांच्याच विरुद्ध जातो. अशी चर्चा करायला कागद आणि पेन्सिल पुरते. खोलवरचं विश्लेषण म्हणजे अवघड गणितच असतं असं नाही.

बर्क यांच्या या मापाला ‘विन प्रॉबॅबिलिटी’ म्हणजे विजयाची शक्यता म्हणतात. ईपीए गुणांची भाषा बोलतो. हे माप गुणफरक आणि घड्याळही हिशेबात घेतं. वीस गुणांनी पुढे असताना शेवटच्या मिनिटात केलेल्या टचडाऊनचा ईपीए मोठा, पण विजयाच्या शक्यतेत त्याने काडीचाही फरक पडत नाही. सामना पाहताना पडद्यावर जो चढता-उतरता आलेख दिसतो तो याच मापाचा. त्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. ५ फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-३ असे पुढे होते, आलेख त्यांना ९९ टक्क्यांच्या वर दाखवत होता, आणि जादा वेळेत पेट्रियट्स ३४-२८ असे जिंकले. मग ९९ टक्के खोटेच की! पण एका सामन्यावरून असं माप खरं की खोटं ठरत नाही. मापाने ज्या ज्या वेळी ९० टक्के सांगितलं ते सगळे प्रसंग गोळा करायचे आणि त्यांतल्या साधारण दहांपैकी नऊ वेळा तो संघ जिंकला का, हे पाहायचं. मग ८० चे, मग ७० चे. कोणत्याही विश्लेषकाने अशी पडताळणी दाखवली असेल तर त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा, नसेल तर हात राखून वाचावं.

आता हे सगळं मिळतं कुठे, याकडे येऊ.

मुळाशी असते ती चालवार नोंद. प्रत्येक सामन्याचं ‘गेमबुक’ लीग प्रसिद्ध करते. त्यात कोण खेळलं, पंच कोण, हवा कशी होती आणि प्रत्येक चालीची एक ओळ असते. त्या ओळीची शिस्त अशी : आधी डाऊन, मग हवे असलेले यार्ड, मग मैदानावरची जागा, कंसात घड्याळ, आणि पुढे काय घडलं ते तुटक शब्दांत. ‘४-२, न्यू इंग्लंड २८, (२:०८), ब्रेडी, छोटा पास उजवीकडे, फॉक’ एवढ्यात वर सांगितलेला सगळा प्रसंग मावतो. अशा ओळी शंभर-दीडशे वाचल्या की आपल्याला सामन्याचा प्रवाह दिसू लागतो, हे अनुभवानेच पटतं. जुन्या सामन्यांसाठी प्रो फुटबॉल रेफरन्स हे सर्वांत भरवशाचं ठिकाण. डग ड्रायनन या गणिताच्या प्राध्यापकाने २००० साली ते सुरू केलं. तिथे हंगामांच्या नोंदी पार १९२० पर्यंत मागे जातात आणि अलीकडच्या दशकांतल्या सामन्यांच्या चालवार नोंदीत प्रत्येक ओळीपुढे त्या चालीआधीचे आणि नंतरचे अपेक्षित गुणही दिलेले असतात. नवख्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन. एखादा पाहिलेला सामना घ्यावा आणि अपेक्षित गुणांत सर्वांत मोठी उडी कोणत्या ओळीवर आहे ते शोधावं. पुष्कळदा ती टचडाऊनवर नसते. आधीच्या तिसऱ्या डाऊनवर असते, जो कोणाच्याही लक्षात राहिलेला नसतो.

संघांची तुलना करायची तर प्रतिस्पर्धी कोण होता हे विसरून चालत नाही. ॲरन शॅट्झ यांनी २००३ मध्ये फुटबॉल आउटसायडर्स सुरू केलं ते वर सांगितलेल्या ‘जो धावतो तो जिंकतो’ या समजुतीची पडताळणी करताना. त्यांनी डीव्हीओए हे माप बनवलं. प्रत्येक चालीची तुलना त्याच स्थितीतल्या लीगच्या सरासरी चालीशी करायची, प्रतिस्पर्धी किती तगडा होता त्याप्रमाणे दुरुस्ती करायची आणि फरक टक्क्यांत सांगायचा. बचावासाठी आकडा जितका उणे तितका चांगला, हे लक्षात ठेवावं लागतं. त्यांची संस्था पुढे बंद पडली, पण ते माप शॅट्झ यांच्याबरोबर दुसरीकडे गेलं आणि अजून निघतं.

खरा बदल घडला तो विद्यार्थ्यांमुळे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅक्सिम हॉरोविट्झ, रॉन युर्को आणि सॅम व्हेंचुरा यांनी ‘एनएफएलस्क्रेपआर’ ही संगणकीय साधनपेटी बनवली. लीगच्या चालवार नोंदी गोळा करायच्या, त्यांना ईपीए आणि विजयाची शक्यता जोडायची, आणि सगळं फुकट वाटायचं. २०२० मध्ये सबॅस्टियन कार्ल आणि बेन बाल्डविन यांनी ‘एनएफएलफास्टआर’ आणलं. १९९९ पासूनच्या प्रत्येक सामन्याची प्रत्येक चाल त्यात आहे, आणि एकेका चालीपुढे शेकडो रकाने. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा थोडीफार येत असली की दहा-बारा ओळींत कोणत्याही संघाचा, कोणत्याही डाऊनवरचा ईपीए काढता येतो. पूर्वी अशा नोंदींसाठी संघ आणि वाहिन्या पैसे मोजत. आज सांगलीतली महाविद्यालयीन मुलगी आणि बॉस्टनमधला विश्लेषक एकाच नोंदींवर काम करू शकतात. कोणत्याही खेळात एवढं औदार्य मला क्वचितच दिसलं आहे. बाल्डविन यांनी चौथ्या डाऊनच्या निर्णयांसाठी केलेला गणकही खुला आहे. सामना चालू असताना प्रत्येक चौथ्या डाऊनवर लाथ मारावी की प्रयत्न करावा, आणि दोहोंत किती टक्क्यांचा फरक आहे, हे तो सांगतो.

मैदानावर त्याचा परिणाम दिसला आहे. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी मध्यंतराआधी एका यार्डावरून चौथ्या डाऊनवर प्रयत्न केला आणि क्वार्टरबॅक निक फोल्सनेच टचडाऊनचा पास झेलला. शेवटच्या क्वार्टरमध्ये ३२-३३ असे मागे असताना, स्वतःच्या ४५ यार्डांवर, त्यांनी पुन्हा चौथ्या डाऊनवर प्रयत्न केला. तो साधला, चढाई पूर्ण झाली आणि ते ४१-३३ असे जिंकले. याच्या उलट जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्स सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ असे पुढे होते. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी उत्तरार्धात दोनदा फील्ड गोल सोडून प्रयत्न केला, दोन्ही फसले, आणि संघ ३४-३१ असा हरला. त्या दोन निर्णयांत गणक दोन्ही पर्यायांना जवळजवळ सारखंच मानत होते. म्हणजे ‘आकड्यांच्या नादाने सामना घालवला’ हे म्हणणं जितकं पोकळ, तितकंच ‘आकड्यांनी सांगितलं होतं’ हे समर्थनही.

इथे या साधनांची मर्यादा येते, आणि ती मांडण्यात आघाडीवर आहेत ते स्वतः साधनं बनवणारेच. एका हंगामात एक संघ १७ साखळी सामने खेळतो. बेसबॉलमध्ये १६२ असतात. चौथ्या डाऊनवर तीन यार्ड, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, दहा गुणांनी पुढे, असे नेमके प्रसंग इतिहासात मोजकेच. एका सामन्यात दीडशे चाली असल्या तरी निकाल एकच असतो, म्हणून विजयाची शक्यता ठरवताना दीडशे स्वतंत्र पुरावे हातात आले असं धरता येत नाही. युर्को यांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर हाच मुद्दा अभ्यासला. गणकाने दोन टक्क्यांचा फरक दाखवला, तर तो फरक खरा आहे की नोंदींच्या तुटवड्याचा परिणाम, हे पुष्कळदा सांगता येत नाही. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या निर्णयावर प्रशिक्षकाला झोडपणारा लेख दिसला तर तो बाजूला ठेवावा. दहा-बारा टक्क्यांची चूक असेल तर जरूर वाचावा.

दुसरी अडचण श्रेयाची. ईपीए चालीचा असतो, माणसाचा नसतो. मैदानावर एका बाजूला अकरा जण. पास पूर्ण झाला तो क्वार्टरबॅकच्या नजरेमुळे, की समोरच्याने दोन पावलं चुकवल्यामुळे, की ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांनी तीन सेकंद भिंत उभी केली म्हणून? चालवार नोंदीत त्या पाच जणांची नावंही नसतात. यासाठी चित्रफीतच पाहावी लागते. नील हॉर्न्सबी या इंग्लंडमधल्या गृहस्थांनी प्रो फुटबॉल फोकस सुरू केलं ते याच हेतूने. प्रत्येक चालीत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन असे गुण द्यायचे. माजी खेळाडू आणि समालोचक क्रिस कॉलिन्सवर्थ यांनी २०१४ मध्ये त्यात मोठी गुंतवणूक केली आणि आता सगळे ३२ संघ त्यांच्या नोंदी घेतात. हे गुण म्हणजे प्रशिक्षित माणसाचं मत आहे, मोजमाप नाही. खेळाडूला नेमकी कोणती चाल शिकवली होती हे बाहेरच्या पाहणाऱ्याला नेहमी कळत नाही. पण लाइनमनबद्दल काही जाणून घ्यायचं तर सार्वजनिक जगात याहून चांगलं फार थोडं आहे. सोबत सगळे २२ खेळाडू एकाच चौकटीत दिसतील अशी उंचावरून घेतलेली चित्रफीत पाहावी. २०१२ पासून लीग ती पैसे भरणाऱ्या प्रेक्षकालाही देते.

तिसरं माप खेळाडूंच्या खांद्यांवर बसलं आहे. प्रत्येक खेळाडूच्या खांद्यावरच्या संरक्षक पॅडमध्ये छोटी रेडिओ चकती असते आणि ती त्याची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदवते. चेंडूतही चकती आहे. यातून ‘नेक्स्ट जेन स्टॅट्स’ निघतात : पास फेकताना समोरचा किती अंतरावर होता, तो झेलला जाण्याची शक्यता किती होती, धावपटूला मिळायला हवे होते त्याहून किती यार्ड जास्त मिळाले. या सगळ्या नोंदी लोकांसाठी खुल्या नाहीत. लीग दर वर्षी त्यातला एक तुकडा ‘बिग डेटा बोल’ या स्पर्धेसाठी देते. तिची सुरुवात लीगचे संख्याशास्त्रज्ञ मायकेल लोपेझ यांच्या काळात झाली. ते आधी स्किडमोर महाविद्यालयात शिकवत. धावपटूच्या हातात चेंडू गेल्या क्षणी मैदानावरचे २२ जण कुठे आहेत यावरून तो किती यार्ड मिळवेल ते ओळखा, असा २०२० चा प्रश्न होता. तो सर्वांत चांगला सोडवला ऑस्ट्रियातल्या दमित्री गॉर्देयेव आणि फिलिप सिंगर या दोघांनी. त्यांचं उत्तर प्रत्येक बचावपटूचं चेंडूवाल्यापासूनचं आणि इतरांपासूनचं अंतर आणि वेग एवढ्यावरच उभं होतं. लीगने ते स्वतःच्या मापात घेतलं, आणि आज पडद्यावर दिसणारे धावण्याचे अपेक्षित यार्ड त्याच्या आधारावर निघतात.

त्यानंतर पासविरुद्धचा बचाव, लाथेच्या चाली, लाइनमनचं काम, टॅकल आणि चेंडू सुटण्याआधीच्या हालचाली असे विषय एकेका वर्षी देण्यात आले. प्रत्येक स्पर्धेतले चांगले निबंध त्यांच्या संगणकीय सूत्रांसकट सगळ्यांना वाचायला मिळतात आणि ते लिहिणाऱ्यांतल्या अनेकांना पुढे संघांनी नोकरीवर घेतलं. लाइनमनवरचे निबंध आधी वाचावेत. पाच जणांपैकी कोणाची जागा किती दशांश सेकंदांत आत दाबली गेली आणि त्यामुळे क्वार्टरबॅकभोवतीचा मोकळा घेर किती आकसला, हे तिथे चालीगणिक मोजलेलं सापडतं. बॉक्स स्कोअरमध्ये त्या माणसांच्या नावापुढे आजही कोणताच आकडा नसतो.